एकोणीस जणींचं गाऱ्हाणं

आमच्या कॉलेजच्या स्टॉपला पाटी नव्हती. एसटीचा कंडक्टर ओरडायचा, "काजू फॅक्टरी कोण?" आणि आम्ही फर्स्ट इयरच्या मुली बॅगा सावरत उतरायचो. पुढचा स्टॉप विद्यापीठाच्या उपकेंद्राचा. तिथे निळी पाटी, वर पत्रा, बसायला बाकडं. तिथे तोच कंडक्टर ओरडायचा नाही. घंटीची दोरी हळूच ओढायचा आणि उगाच शर्ट नीट करायचा. त्याची ही दोन्ही रूपं मी वर्गात करून दाखवायचे. मला आवाज काढता येतात. कंडक्टर, तलाठी, मासळीवाली, लग्नात माईकवर बोलणारा मामा, सगळे. शाळेत याच्यासाठी मार खाल्ला. कॉलेजात पहिल्यांदाच कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

कंडक्टर खोटं बोलत नव्हता. ती खरंच काजूची फॅक्टरी होती. बंद पडल्यावर गावातल्या चार जाणत्या माणसांनी तिथे मुलींचं कॉलेज काढलं. तळेऱ्याहून थोडं आत, रस्त्याच्या खालच्या अंगाला. माझ्या आईने लग्नाआधी ज्या शेडमध्ये बसून काजू सोलले, त्याच शेडमध्ये मी राज्यशास्त्र शिकत होते. टरफलं भाजायच्या धुराचा काळा पट्टा भिंतीवर तसाच होता. कितीही चुना काढा, पावसाळ्यात तो परत वर यायचा. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "माझे हात हयच काळे झाले. तुझे शायन होवंदेत." शाईने काळे होऊ देत, तिचं एवढंच मागणं.

उपकेंद्र वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळमाळावर. काचेची इमारत, दारावर विद्यापीठाचं बोधचिन्ह, आणि वारा. सगळा वारा त्यांनाच. आमचं कॉलेज त्याच विद्यापीठाला संलग्न. म्हणजे आमचे पेपर तेच काढणार, तेच तपासणार, हॉल तिकिटं तिकडूनच येणार. पुस्तक हवं असेल तर प्राचार्य बाईंचं पत्र घेऊन सडा चढायचा आणि त्यांच्या लायब्ररीत कोपऱ्यात बसायचं. ज्याच्या हातात आपला कान, त्याच्याशीच भांडण. पण भांडण मात्र होतं, आणि जोरात होतं. ते आम्हाला म्हणायचे काजूगर. एसटीत चढलो की मागून कुणीतरी, "इले काजूगर, भाजून घेवा रे." आम्ही त्यांना म्हणायचो बोंडू. काजूचं बोंडू दिसायला लालभडक आणि दुसऱ्या दिवशी सडतं, म्हणून. थ्रोबॉलमध्ये त्यांनी आम्हाला हरवलं तेव्हा आम्ही म्हटलं, बोंडवांना हात मोठे आणि डोकं नाही. त्यांनी म्हटलं, काजूगरांना बॉल दिसला कधी. खरं होतं. आमच्याकडे बॉल नव्हता.

आम्ही वर्गात एकोणीस जणी. माझ्या बाकावर जी बसायची ती कुणकेश्वराकडची, समुद्राकाठच्या गावातली. बाप होडी घेऊन मासेमारीला जायचा. ती आठवडाभर नांदगावला मावशीकडे राहायची आणि शनिवारी घरी. तिच्याइतकी कमी बोलणारी मुलगी मी पाहिली नव्हती. आणि माझ्याइतकी बडबडी तिने. तिचं हसणं बिनआवाजाचं. खांदे हलायचे, डोळ्यातून पाणी यायचं, बाक थरथरायचा, पण आवाज नाही. मी कुणाचाही आवाज काढला की आधी बाकाकडे लक्ष द्यायचे. बाक हलला तर नक्कल जमली.

ती कॉलेजात आली ती कौल लावून. तिच्या गावात मोठी गोष्ट ठरवायची तर ग्रामदेवतेच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या लावतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होडी विकत घेताना कौल, लग्नाला कौल, आणि हिच्या शिक्षणालाही कौल. जूनमध्ये आमच्या प्राचार्य बाई घरोघर फिरून मुली गोळा करत होत्या. तिच्या घरी गेल्या तर बाप म्हणाला, देवाला विचारू. बाई देवळाच्या पायरीवर दोन तास बसून राहिल्या. देवाला प्रश्न घातला तो असा: "चेडवाक मुलींच्या कॉलेजात घालूक व्हया काय?" उजवी पडली. बाईंनी तिथेच पर्समधून फॉर्म काढला.

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. मुलींच्या कॉलेजात. कॉलेजात असं नाही विचारलं.

"तीन वर्सां माका गावली," ती मला म्हणाली होती. "तीन वर्सां कोण स्थळ घेवन येवचो नाय. देवान सांगलेला आसा."

"आणि मगे?"

"मगे बीएड. हायस्कुलात बाई होतलंय."

"तू? वर्गात बोलतलंस कशी?"

"तू येवन माझो आवाज काढ," ती म्हणाली, आणि बाक हलला.

गणपतीच्या आधी कळलं की विद्यापीठाची समिती येतेय. संलग्नता पुढे चालू ठेवायची की नाही, ते बघायला. आमच्या प्राचार्य बाई साध्या, पण त्या आठवड्यात त्यांच्यात एखादा सेनापती शिरला. बाजूच्या हायस्कूलमधून पुस्तकं आली, गोणीत भरून, आणि कपाटात रचली गेली. हायस्कूलचेच दोन शिक्षक स्टाफरूममध्ये बसवायचे ठरले, एक दिवसापुरते. आमच्या चार कंप्युटरना विणलेली टोपडी घातली. चारांतला एकच चालू व्हायचा, तोही मनात आलं तर. बाई आम्हाला शेडमध्ये उभं करून म्हणाल्या, "मुलींनो, परिस्थिती ही परिस्थिती असते. पण पाहुण्यांसमोर ती दिसू द्यायची नसते." हे वाक्य मी त्यांच्याच आवाजात नंतर इतक्यांदा म्हटलं की शिपाईमामाही म्हणायला लागले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू काहीतरी करमणुकीचं कर. पाच मिनिटं. सभ्य."

मी म्हटलं, गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना गावचा मानकरी देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. काय आहे, काय नाही, काय चुकलं, काय हवं, सगळं देवाच्या कानावर घालायचं. मागे गाव उभा. दर वाक्याला सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. आमच्या गावच्या मानकऱ्याचा आवाज मला लहानपणापासून येतो. नाकातून सुरू होतो आणि पोटात जाऊन बसतो. बाईंना कल्पना आवडली. आपली संस्कृती वगैरे.

मी लिहिलं ते सगळं उपकेंद्राला टोमणे. निळी पाटी, काच, वारा, बोंडू. बाकावर तिला वाचून दाखवलं. बाक हलला नाही.

"काय गो, बरा नाय?"

"बरा आसा. पण ह्या गाऱ्हाणा नाय. आपला दुखणा सांगूक नाय तर देव कसो ऐकतलो? आधी आपला सांगूचा, मगे दुसऱ्याचा."

तिला तिच्या गावचं गाऱ्हाणं माहीत होतं. तिचं म्हणणं बरोबरही होतं. मी म्हटलं, अगो, पण समितीसमोर आपलं दुखणं कसं सांगणार. मग माझं मलाच सुचलं, की समिती शहरातली. त्यांना मालवणी कुठे कळणार. त्यांना फक्त सूर कळेल. मजा येईल ती आपल्याला. हा शहाणपणा माझा. तिचा नाही. हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

समितीत तिघं. अध्यक्ष सफारीतले, सारखे घड्याळ बघणारे. दुसरे उपकेंद्राचे समन्वयक, तेही शहरातूनच आलेले, आमचे जुने शत्रू. तिसऱ्या एक चष्म्यातल्या बाई, डायरी घेऊन बसलेल्या, काहीच न बोलणाऱ्या. त्यांनी कपाटं पाहिली, टोपडी पाहिली, स्टाफरूममध्ये नमस्कार झाले. सगळं छान चाललं होतं. प्राचार्य बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग मी उभी राहिले, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात नारळ. मागे अठरा जणी.

"बा देवा म्हाराजा, सड्यावरच्या निळ्या पाटीच्या धन्या."

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरां ह्या काजू फॅक्टरीत जमान तुका गाऱ्हाणा घालतत, ता कान देवन आयक."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या कपाटात पुस्तकां आसत, पण ती हायस्कुलाची आसत. सांजच्याक गोणीत बसान घराक जातली."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या कंप्युटरांक टोपडी घातली आसत. ती जल्मल्यापासून निजलेली आसत, आजून डोळो उघडूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"आमची येक बाई तीन विषय शिकयता. राज्यशास्त्रात भांडता, मराठीत रडता, इतिहासात दमता."

"व्हय म्हाराजा."

"स्टाफरूमात दोन पावणे बसले आसत. तेंका उद्या सकाळी हायस्कुलात प्रार्थनेक उभ्यान रवाचा आसा."

"व्हय म्हाराजा."

शेडला पत्रा असल्यामुळे आवाज घुमायचा. काजू सोलायच्या शेडमधून अठरा मुली एका सुरात होकार भरत होत्या. मागे वळून पाहिलं तर माझी बाकावरची, जी कधी बोलायची नाही, ती सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती.

"तर म्हाराजा, सड्यावर जा काय आसा ता थोडा हय येवंदे. तेंच्या नळाचा पाणी, तेंचो वारो, तेंची पुस्तकां. बोंडू सडांदेत, काजूगर टिकांदेत."

"व्हय म्हाराजा."

अध्यक्ष हसले. समन्वयकही हसले. दोघे सुराला हसत होते, म्हणजे वाक्य संपल्यावर, मुलींचा आवाज ऐकून. पण त्या चष्म्यातल्या बाई वाक्य संपायच्या आधी हसत होत्या. नक्कल करणाऱ्याला हे लगेच कळतं. शब्द कळल्याशिवाय माणूस आधी हसत नाही. मला ते तिसऱ्याच वाक्याला कळलं होतं. आणि मी थांबले नाही. उलट त्यांच्याकडे बघून बोलायला लागले. एवढा चांगला श्रोता मला आधी मिळाला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. "बरा घातलंस गो गाऱ्हाणा. खयची तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. टॉवेल अजून डोक्यालाच होता.

"माझा माहेर मालवणात," त्या म्हणाल्या. "खूप वर्सांन आयकलंय." डोळे पुसले, आणि मग तेच बोट डायरीत घालून पान उघडलं.

गणपतीची सुट्टी संपली आणि पत्र आलं. विद्यार्थिनींच्या हितासाठी, असं लिहिलं होतं. पुरेशा सोयी नसल्यामुळे प्रथम वर्षाचा वर्ग बंद, विद्यार्थिनींना उपकेंद्रात सामावून घ्यावं. म्हणजे सड्यावर. मुलांबरोबर. मी देवाकडे मागितलं होतं की तिकडचं इकडे येऊ दे. देवाने आम्हालाच तिकडे नेलं.

प्राचार्य बाईंनी मला बोलावलं. मी ठरवून गेले होते की ओरडल्या तर नंतर तो आवाज कधीही काढायचा नाही. त्या ओरडल्या नाहीत. हायस्कूलला परत पाठवायच्या पुस्तकांची यादी करत होत्या. म्हणाल्या, "गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाहीत, ते मला माहितीय. फक्त समोर देव नव्हता, बाळा." मग यादीतलं पुढचं पुस्तक उचललं. बाहेर क्लार्कभाऊ म्हणाले, "तू गाऱ्हाणा नाय घातला असता तरी फुडल्या वर्सा बंद झाला असता. तू मनाक लावन घेव नको." पुढल्या वर्षी. म्हणजे एक वर्ष तर मिळालं असतं. त्यांनी धीर दिला आणि मी तो हिशेब करत घरी आले.

माझ्या घरी प्रश्न आला नाही. आई म्हणाली, "शाय हय काय नि थय काय." शनिवारी मी बाकावरच्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी गेले. मला वाटलं, मी बोलेन, हसवेन, बापाला पटवेन. बाप अंगणात जाळं शिवत होता. मोठा मऊ माणूस. मला स्वतः चहा आणून दिला. मी सड्यावरच्या लायब्ररीचं वर्णन केलं, मुलींची वेगळी खोली आहे सांगितलं, कंडक्टरची नक्कलही केली. तो हसला. मग म्हणाला, "तुझा सगळा खरा आसा गो. पण मिया देवाक मुलींचा कॉलेज म्हणान इचारलेलंय. ह्या दुसरा झाला. परत इचारूक व्हया."

संध्याकाळी देवळात गेलो. पाकळ्या ओल्या करून पाषाणावर लावल्या. ती खांबाला टेकून उभी होती, मी तिच्या शेजारी. इतका वेळ गप्प बसण्याची मला सवय नव्हती. कुणीतरी खोकलं. डावी पाकळी जराशी सरकली, थांबली, आणि पडली.

बापाने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं, आणि त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. "जत्रा होवंदे," तो म्हणाला. "जत्रेनंतर परत इचारतलंय. देव येकदाच नाय सांगणा."

ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "जत्रेपर्यंत तुझी जागा मिया धरून ठेवतंय."

"कशी?"

"बघ तू."

सड्यावर आमची यादी वेगळी होती, हजेरीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर. एकोणिसांतल्या सात जणी आल्याच नाहीत, त्यांची नावं पहिल्याच आठवड्यात गेली. राहिल्या बारा. ती अकरा नंबर, मी बारा. सर वर न बघता नंबर वाचायचे. अकरा आला की मी मान खाली घालून तिच्या आवाजात म्हणायचे, "हजर." तिचा आवाज खालचा, जरा गिळलेला, शेवटचा र ऐकू न येणारा. मग बारा, आणि माझ्या आवाजात "हजर सर." हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. जत्रेपर्यंत एवढं केलं असतं तर ती परत येऊन नुसती बसू शकली असती. हे मी फक्त तिच्या नांदगावच्या मावशीच्या कानावर घातलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक बोंडू पुढे वाकली. मला वाटलं, संपलं. ती म्हणाली, "काजूगरा, तुझा अकरा नि बारा येकदम चिकटान येता. मधी श्वास घी." त्या दिवसापासून अकरा आणि बाराच्या मध्ये मागे कुणाचं तरी पेन पडायचं, कुणी खाकरायचं. बोंडवांनी कधी हे बाहेर सांगितलं नाही. ते चांगले होते, हे मला कळायला लागलं आणि त्याचाही राग आला. भांडायला तरी कुणी शिल्लक राहायला हवं होतं.

त्यांच्या युवा महोत्सवाच्या टीमने मला विचारलं, ते गाऱ्हाणं करशील का. मी नाही म्हटलं. घसा बसलाय म्हटलं.

जत्रा झाली. तिने फोन केला तेव्हा मी स्टॉपवर होते, निळ्या पाटीखाली.

"हजेरी आता नको लावू," ती म्हणाली.

"कौल घेतलो?"

"घेवक नाय. स्थळ इला गोव्यातला. तेचो कौल घेतलो. उजवो पडलो."

मी काहीतरी विनोद शोधला. एकही सापडला नाही.

"मावशी सांगी होती, तू थय माझो आवाज काढतंस," ती म्हणाली. "काढून दाखय."

"आता? हय लोक आसत."

"काढ गो."

मी पाटीकडे तोंड करून म्हटलं, "हजर."

मी वाट पाहिली. ती हसत असेल तरी फोनवर कळणार नव्हतं, तिचं हसणंच तसं, आणि बाक तर इथे नव्हता.

"असो आसा काय माझो आवाज," ती शेवटी म्हणाली. "माका ठावक नाय होतो." मग एसटी आली, आणि कंडक्टरने शर्ट नीट केला.

दुसऱ्या दिवशी अकरा आला तेव्हा मी गप्प बसले. मागे पेन पडलं, सवयीने. सरांनी अकरा परत वाचला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा वर बघितलं. पुढच्या आठवड्यात नवीन यादी आली. एक नाव गेलं होतं आणि खालचं वर सरकलं होतं.

आता अकरा नंबर माझा आहे. सर वाचतात, अकरा, आणि मी हजर म्हणते. माझ्या आवाजात म्हणायचं असं रोज ठरवावं लागतं.